गाला आणि स्फूर्तिदेवतेचें बिरुद

कांहीं शब्द दिसतात गौरवाचे, परंतु त्यांच्या आड विस्मरणाचें काम बिनबोभाट चाललेलें असतें. 'स्फूर्तिदेवता' हा त्यांतलाच एक शब्द होय. एखाद्या स्त्रीस चित्रकाराची वा कवीची स्फूर्तिदेवता म्हटलें, म्हणजे बोलणारास आपण तिचा मोठा सन्मान केला असें वाटतें, ऐकणाराचेंही समाधान होतें, आणि ती बाई प्रत्यक्षांत काय करीत होती हा प्रश्न विचारण्याचें कोणास कारणच उरत नाहीं. देवतेनें काय केलें असें विचारावयाचें नसतें. ती नुसती असली म्हणजे पुरे. या शब्दाचा मोह आपल्याकडील सुशिक्षित वाचकांसही कांहीं कमी नाहीं. म्हणून त्याच्या एका फार गाजलेल्या उपयोगाची येथें थोडी झडती घ्यावयाची आहे.

हा उपयोग म्हणजे अतिवास्तववादी कलेच्या आरंभकाळांत गाला या रशियन स्त्रीला दिलें जाणारें स्थान. या पंथाचा पहिला जाहीरनामा आंद्रे ब्रेतों यानें पॅरिस येथें १९२४ च्या ऑक्टोबरांत काढला. पंथाचा अग्रणी कवि पॉल एलुआर, त्यांतला अत्यंत कल्पक चित्रकार माक्स अर्न्स्ट, आणि पुढें जगभर नांवाजलेला साल्वादोर दाली, या तिघांच्याही आयुष्यांत गाला होती: पहिल्याची पत्नी, दुसऱ्याची प्रेयसी, आणि तिसऱ्याची पुनः पत्नी. एवढ्या सामग्रीवर लोकप्रिय चरित्रकारांनीं जी कथा रचली आहे ती थोडक्यांत अशी. या स्त्रीच्या डोळ्यांत कांहीं विलक्षण शक्ति होती. जिच्यावर तिची दृष्टि पडली ती प्रतिभा उमलली. ती एकास सोडून दुसऱ्याकडे गेली, तसा कलेचा झराही पहिल्याकडचा आटून दुसऱ्याकडे वाहूं लागला. या कथेचें एक काळें रूपही तितकेंच प्रचलित आहे. त्यांत तीच स्त्री पैशाची हांवरी, मायाममता नसलेली आणि भल्या कलावंतास बाजारांत उभें करणारी कैदाशीण ठरते. वरकरणी हीं दोन मतें परस्परविरुद्ध दिसतात; वस्तुतः तीं एकाच झाडाचीं दोन फळें आहेत, आणि तें झाड मुळासकट उपटल्यावांचून गालास न्याय मिळणें शक्य नाहीं.

आमचें म्हणणें तीन कलमांत सांगतां येईल. एक, स्फूर्तीची ही उपपत्ति तारखांच्या कसोटीस उतरत नाहीं. दोन, या उपपत्तीमुळें गालानें खरोखर केलेलें काम झांकलें जातें. तीन, हा शब्द ज्यांच्या वांट्यास येतो त्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत कलेच्या इतिहासांत कोणी नोंदवीत नाहीं.

प्रथम तारखा पाहूं. स्फूर्तीच्या गोष्टींत तारखांचें काय काम, असें कोणी म्हणेल. परंतु कार्य आधीं आणि कारण मागाहून, असा प्रकार देवतांच्या राज्यांतही चालत नसावा. एलुआर दांपत्य आणि अर्न्स्ट यांची पहिली भेट कोलोन शहरीं १९२१ च्या नोव्हेंबरांत झाली. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत, म्हणजे या भेटीपूर्वीं सहा महिने, अर्न्स्टच्या कोलाजांचें प्रदर्शन पॅरिसमध्यें भरून गेलें होतें, आणि ब्रेतों व त्याचे मित्र त्यानें थक्क झाले होते. जुन्या पुस्तकांतील व सूचिपत्रांतील छापील आकृति कापून घ्यावयाच्या, त्यांची भलत्याच ठिकाणीं जोडणी करावयाची, आणि पाहणाराच्या मनाची नेहमींची वाटच बंद करून टाकावयाची, ही त्याची रीत तेव्हांच सिद्ध झालेली होती. तिच्यामागें १९१९ सालीं पाहिलेल्या द किरिको या चित्रकाराच्या चित्रांचा संस्कार होता, बॉन विद्यापीठांत तत्त्वज्ञानाबरोबर केलेला मानसशास्त्राचा अभ्यास होता, आणि महायुद्धांत तोफखान्यावर काढलेलीं वर्षें होतीं. एलुआरनें त्याच्याकडून विकत घेतलेलें 'सेलेबेस' हें सुप्रसिद्ध चित्र १९२१ सालचेंच. त्यांतील राक्षसी हत्तीचा आकार अर्न्स्टला सुचला तो सुदानांतील धान्याच्या एका कणगीच्या छायाचित्रावरून. कणगीला मात्र कोणी स्फूर्तिदेवता म्हणत नाहीं.

उलट बाजूनेंही पाहावें. १९२४ नंतर गाला अर्न्स्टच्या आयुष्यांतून निघून गेली. मग झरा आटला काय? १९२५ च्या ऑगस्टांत समुद्रकांठच्या पॉर्निक गांवीं राहत असतांना, खोलीच्या झिजलेल्या लांकडी जमिनीवर कागद ठेवून वर शिशाची कांडी घासल्यास त्या रेषांतून अरण्यें आणि प्राणी उमटतात, असा शोध त्याला लागला. 'फ्रोताझ' या नांवानें ओळखलें जाणारें हें तंत्र त्याच्या सर्व आयुष्यांतील सर्वांत मोठें उपार्जन मानलें जातें. तें गाला गेल्यानंतरचें आहे.

दालीची गोष्ट याहून निराळी नाहीं. गाला आपल्या पतीसह कादाकेस या कातालोनियांतील गांवीं आली ती १९२९ च्या ऑगस्टांत. दाली आणि बुन्युएल यांनीं मिळून रचलेला 'आन्दालुसियाचा कुत्रा' हा चित्रपट त्यापूर्वीं, जून महिन्यांत, पॅरिसमध्यें दाखविला गेला होता. डोळा वस्तऱ्यानें चिरण्याचें तें भयंकर दृश्य ज्याच्या सहकार्यानें योजलें गेलें, त्या पंचवीस वर्षांच्या तरुणास अतिवास्तववादाची दीक्षा द्यावयास कोणी देवता उतरावी लागली नव्हती.

आपल्या 'काव्यप्रकाश'कार मम्मटानें काव्याचें कारण सांगतांना शक्ति, निपुणता आणि अभ्यास यांचा एकत्र निर्देश केला आहे. जन्मजात सामर्थ्य, जगाच्या व ग्रंथांच्या परिशीलनानें आलेलें चातुर्य, आणि जाणत्यांच्या हाताखालीं केलेला सराव, या तिहींच्या पलीकडे चौथें कारण शोधण्याची त्यास गरज वाटली नाहीं. अर्न्स्ट आणि दाली यांची कला या तीन शब्दांनीं जितकी उलगडते, तितकी कोणाच्या डोळ्यांतील गूढ तेजानें उलगडत नाहीं.

मग गालाचा प्रभाव नव्हताच काय? होता, आणि फार मोठा होता. परंतु तो ज्या ठिकाणीं पडला त्या ठिकाणीं पाहण्याची संवय आपल्याला नाहीं. ती लावून घेण्यासाठीं तिचें चरित्र थोडें पाहिलें पाहिजे.

येलेना इवानोव्ना द्याकोनोवा ही १८९४ सालीं कझान येथें जन्मली व मॉस्कोंत शिकली. पुढें थोर कवयित्री म्हणून प्रसिद्धि पावलेली मारीना त्स्वेतायेव्हा व तिची बहीण आनास्तासिया यांच्याशीं तिचा शाळकरी वयांत स्नेह होता. म्हणजे ग्रंथांच्या व काव्याच्या सहवासांत वाढलेली ही मुलगी होती. क्षयाच्या उपचारासाठीं तिला स्वित्झर्लंडमध्यें दावोसजवळील क्लावादेलच्या आरोग्यधामांत पाठविण्यांत आलें. तेथें त्याच रोगानें आजारी असलेला यूजेन ग्रँदेल नांवाचा एक फ्रेंच मुलगा तिला भेटला. तोच पुढें पॉल एलुआर झाला. १९१४ सालीं त्याची 'निरुपयोगी माणसांचे संवाद' ही छोटीशी पुस्तिका निघाली, तेव्हां तिची प्रस्तावना एका टोपणनांवाखालीं गालानें लिहिली. ही गोष्ट मोठी बोलकी आहे. कवि अजून कवि व्हावयाचा आहे, आणि त्याला वाचकांपुढें नेऊन उभें करणारी व्यक्ति ही आहे. फ्रेंच वाङ्मयांत तिचा प्रवेश झाला तो असा हातीं लेखणी घेऊन. परंतु नांव मात्र आरंभापासूनच पडद्याआड राहिलें. महायुद्ध ऐन भरांत असतांना १९१६ सालीं ती रशिया सोडून पॅरिसला आली, १९१७ सालीं एलुआरशीं विवाहबद्ध झाली, आणि १९१८ सालीं तिला सेसील ही मुलगी झाली.

१९२२ सालीं अर्न्स्ट एलुआरच्याच पारपत्रावर फ्रान्समध्यें आला आणि त्या कुटुंबांत राहूं लागला. त्या वर्षाच्या अखेरीस त्यानें 'मित्रांचा मेळावा' हें मोठें चित्र रंगविलें. तें आज कोलोनच्या संग्रहालयांत आहे. ब्रेतों, आरागों, एलुआर, देसनोस, खुद्द अर्न्स्ट, त्यांचे पूज्य पूर्वसूरि म्हणून राफाएल व दोस्तोएव्हस्की, अशी सगळी मंडळी त्यांत आहे. प्रत्येकास क्रमांक दिला असून सोळाव्या क्रमांकावर गाला आहे. या सबंध मेळाव्यांत स्त्री अशी ती एकटीच. पंथाचें हें पहिलें कुटुंबचित्र म्हणावयास हरकत नाहीं, आणि त्यांत तिचें असणें ही साधी गोष्ट नव्हे: अर्न्स्टच्या दृष्टीनें ती त्या मंडळाची सभासद होती. परंतु चित्रकारानें जिला सभासद म्हणून रंगविलें, तिला इतिहासकारांनीं सभासदांच्या यादींतून काढून देव्हाऱ्यांत बसविलें.

पुढच्या वर्षीं हे सर्वजण पॅरिसजवळ ओबोन येथील घरांत राहावयास गेले, आणि अर्न्स्टनें त्या घराच्या भिंती व दारें चित्रांनीं भरून टाकलीं. मागाहून त्यांवर कागद चिकटविले गेले, आणि तीं चित्रें १९६० नंतरच्या दशकांत पुनः उजेडांत आलीं. त्यांतील एक आज ड्यूसेल्डॉर्फ येथें, तर दुसरें पार तेहरानच्या संग्रहालयांत आहे. १९२३ सालचें 'सुंदर माळीण' हें चित्रही याच काळांतलें. त्यांतील आकृति गालावरून घेतली असें मानतात. नाझी राजवटीनें तें जप्त करून १९३७ सालीं 'अधःपतित कले'च्या प्रदर्शनांत निंदेसाठीं मांडलें, आणि तेव्हांपासून तें नाहींसें झालें आहे. १९२४ सालच्या 'गाला एलुआर' या चित्रांत तिचे डोळे तेवढे राखून कपाळाचा भाग कागदाच्या गुंडाळीसारखा वर उलटलेला दाखविला आहे. त्यासाठीं आधार घेतला होता तो मॅन रे यानें काढलेल्या छायाचित्राचा. चित्रविषय म्हणून तिचा अर्न्स्टवर प्रभाव पडला हें येथें निःसंशय दिसतें. ज्या घरांत ती वावरत होती, त्या घराच्या भिंतीच चित्रें झाल्या. हें आम्ही नाकारीत नाहीं. मात्र चित्रविषय होणें ही एक ओळखतां येण्याजोगी, तपासतां येण्याजोगी गोष्ट आहे. तिला देवत्वाचें धुकें लावण्याचें कारण नाहीं.

आतां त्याच १९२४ सालांतली दुसरी घटना पाहा. मार्च महिन्यांत एलुआर कोणास पत्ता न लागूं देतां निघून गेला आणि बोटीनें जगप्रवासास लागला. मित्रांना तो मेला असें वाटलें. घर, सहा वर्षांची मुलगी आणि भोंवतालचा लोकापवाद हें सर्व मागें राहिलें तें गालाच्या वांट्यास. तिनें काय केलें? पतीच्या संग्रहांतील चित्रें जुलै महिन्यांत पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहांत विक्रीस काढलीं. त्यांत पिकासो व द किरिको यांचीं चित्रें होतीं. त्या पैशावर ती आणि अर्न्स्ट समुद्रमार्गें निघून सैगॉनला पोंचलीं, एलुआरला भेटलीं, आणि तो तिच्यासह परत आला. ब्रेतोंचा जाहीरनामा त्यानंतर थोड्याच दिवसांत निघाला. त्या सुप्रसिद्ध वर्षीं पंथाची स्फूर्तिदेवता चित्रांचा लिलाव करून पळालेल्या कवीस परत आणण्याच्या व्यापांत होती, हें कोणत्याही स्तुतिस्तोत्रांत आढळत नाहीं. कारण स्तोत्रांत व्यवहार बसत नाहीं.

दालीच्या बाबतींत तर हा व्यवहारच मुख्य आहे. १९२९ च्या अखेरीस वडिलांनीं त्याला घराबाहेर काढलें. रस्ता ओलांडणें किंवा दुकानांत जाऊन एखादी वस्तु घेणें हीदेखील ज्याला संकटें वाटत, असा हा मनुष्य. १९३० सालीं त्याचें 'दृश्यमान स्त्री' हें पुस्तक निघालें. त्यासाठीं इकडे तिकडे विखुरलेलीं, दुर्बोध टिपणें गोळा करून त्यांस वाचनीय आकार दिला तो गालानें, असें दालीनेंच १९४२ सालच्या आपल्या आत्मचरित्रांत सांगितलें आहे. या कामास मराठींत 'संपादन' असा चांगला शब्द आहे. त्याच आत्मचरित्रांत तो सांगतो, कीं आरशाचीं नखें वगैरे आपल्या चमत्कारिक कल्पना घेऊन गाला पॅरिसभर दारोदार हिंडे, आणि रोज संध्याकाळीं रिकाम्या हातानें, थकून परत येई. या कामास 'विक्री' म्हणतात. १९३३ च्या सुमारास बारा श्रीमंत रसिकांचें एक मंडळ जमलें. वर्षाच्या बारा महिन्यांत क्रमानें प्रत्येकानें दालीचें एकेक चित्र घ्यावें अशी योजना ठरली, आणि चित्रकारास निश्चित उत्पन्नाचा आधार मिळाला. असे आश्रयदाते राखण्यांत गालाचा हात मोठा होता. या कामास 'व्यवस्थापन' म्हणतात. १९३१ सालीं रंगविलेलें 'स्मृतीचें सातत्य' हें वितळणाऱ्या घड्याळांचें चित्र आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परंतु तें रंगविणारास त्या सालीं स्वस्थपणें रंगवीत बसतां आलें, याचें श्रेय कोणाचें हें सांगावयास कोणत्याही घड्याळाची गरज नाहीं.

आणि गालानें स्वतः कांहींच निर्मिलें नाहीं, हेंही खरें नव्हे. १९३१ च्या डिसेंबरांत 'क्रांतीच्या सेवेंत अतिवास्तववाद' या पंथाच्या नियतकालिकांत अतिवास्तववादी वस्तूंचीं चित्रें प्रसिद्ध झालीं. नित्याच्या वस्तु एकत्र जोडून मनांतील गुप्त वासनांस आकार देण्याचा हा नवा कलाप्रकार होता. त्या पानांवर जाकोमेत्ती, ब्रेतों, दाली आणि व्हालांतिन ह्यूगो यांच्या वस्तूंबरोबर गालानें केलेली वस्तुही आहे, आणि ती तिच्याच नांवानें छापलेली आहे. म्हणजे पंथाच्या मुखपत्रांत जिची नोंद कलाकार म्हणून झाली, तिची नोंद ग्रंथांत मात्र प्रेरणा म्हणून झाली.

याचें मर्म त्याच पंथाच्या दुसऱ्या एका पानांत सांपडतें. १९२९ च्या डिसेंबरांत 'अतिवास्तववादी क्रांति' या नियतकालिकानें मॅग्रीटचें एक चित्र छापलें. मध्यें विवस्त्र स्त्री उभी आहे, आणि तिच्या वरखालीं लिहिलेल्या शब्दांचा आशय असा, कीं अरण्यांत दडलेली ती मला दिसत नाहीं. भोंवतीं चौकटीसारखीं सोळा पुरुषांचीं छायाचित्रें आहेत: ब्रेतों, एलुआर, अर्न्स्ट, दाली इत्यादि. सोळाही जणांनीं डोळे मिटून घेतले आहेत. स्वप्नांतली स्त्री पाहावयाची तर जागेपणींची स्त्री दिसतां कामा नये, हा या मंडळींचा सिद्धांत होता, आणि त्यांनीं तो अगदीं प्रामाणिकपणें कागदावर मांडला. त्यांच्यावर टीका करावयाची असल्यास त्यांनींच पुरविलेला हा पुरावा पुरेसा आहे.

मिटलेल्या डोळ्यांची किंमत कोणी मोजली? ब्रेतोंच्या 'नाद्या' या १९२८ सालच्या ग्रंथाची नायिका ही कल्पित स्त्री नव्हे. तिचें नांव लेओना देलकूर. १९२६ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या रस्त्यावर ती ब्रेतोंला भेटली. तिच्या विलक्षण बोलण्यानें आणि वागण्यानें तो भारून गेला. तिनें काढलेलीं रेखाचित्रें त्यानें आपल्या ग्रंथांत छापलीं. १९२७ च्या मार्चांत तिला मनोरुग्णालयांत ठेवण्यांत आलें. ब्रेतों तिला भेटावयास गेला नाहीं. ग्रंथ निघाला, गाजला, आणि आधुनिक फ्रेंच गद्याचा एक मानदंड ठरला. ती स्त्री मात्र १९४१ सालीं रुग्णालयांतच वारली. तिचीं चित्रें आज आपण पाहतों तीं ब्रेतोंच्या पुस्तकांतील शोभा म्हणून. ती स्वतः चित्रें काढणारी एक व्यक्ति होती, हें ध्यानांत यावयास साठ-सत्तर वर्षें लागलीं.

दुसरें उदाहरण लुईझे श्ट्राउस हिचें. ही अर्न्स्टची पहिली पत्नी. कलेतिहासांत डॉक्टरची पदवी मिळविलेली, कोलोनच्या संग्रहालयांत काम केलेली, आणि तेथील दादापंथाच्या चळवळींत स्वतः भाग घेतलेली विदुषी. १९२२ सालीं अर्न्स्ट एलुआर दांपत्याच्या मागें पॅरिसला गेला तेव्हां ती दोन वर्षांच्या मुलासह मागें राहिली. पुढें हिटलरच्या राजवटींत ज्यू म्हणून तिला जर्मनी सोडावी लागली, आणि १९४४ सालीं फ्रान्समधून धरून नेऊन आउश्विट्झ येथें तिची हत्या झाली. गालाच्या डोळ्यांविषयीं जितकीं पानें लिहिलीं गेलीं, त्यांच्या शतांशही या बाईच्या बुद्धीविषयीं लिहिलीं गेलीं नाहींत. स्फूर्तिदेवतेच्या कथेंत एकाच देवतेपुरती जागा असते. बाकीच्या स्त्रिया त्या देवळाच्या पायरीचे दगड.

येथें आमच्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा: गालाची म्हणून दाखविण्यासारखी चित्रें नाहींत, मग तिला कलावंतांच्या पंक्तीस बसविण्याचा हा हट्ट कां? आमचा असा हट्ट मुळींच नाहीं. ती थोर चित्रकार होती असें कोणी सिद्ध करूं लागेल, तर त्यासही आम्ही विरोध करूं. प्रस्तावनाकार, संपादक, विक्रेती, व्यवस्थापक, चित्रविषय, आणि कांहीं थोड्या वस्तूंची कर्ती, एवढें तिच्या नांवावर मांडावें, आणि तेवढेंच मांडावें. हें पद देवतेपेक्षां लहान दिसतें खरें, परंतु तें तिचें स्वतःचें आहे.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. दालीनें तिचें ऋण कधीं लपविलें नाहीं. आपल्या कित्येक चित्रांवर त्यानें गाला आणि दाली अशी जोड सही केली. तिला त्यानें १९४९ सालीं 'पोर्त ल्यिगातची मॅडोना' म्हणून रंगविलें. मग अन्याय तो कोठें? याचें उत्तर त्या दोन गोष्टींतील भेदांतच आहे. जोड सही करतांना दाली खरें बोलत होता: हें काम दोघांचें आहे, असा त्या सहीचा सरळ अर्थ. मॅडोना रंगवितांना मात्र तो तेंच सत्य पूजेंत बुडवून टाकीत होता. जगानें सहीकडे दुर्लक्ष केलें आणि मॅडोना उचलून धरली. सही मान्य केली असती, तर श्रेयाची वांटणी करावी लागली असती; मॅडोनेपुढें हात जोडले म्हणजे भागतें.

तिसरा आक्षेप तिच्या स्वभावाचा. ती लोभी होती, कठोर होती, मुलीची आई म्हणून तिनें कर्तव्य केलें नाहीं. यांतील शेवटचा दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. सेसील आजीच्या हाताखालीं वाढली आणि आईचा सहवास तिला फारच थोडा मिळाला, ही गोष्ट दुःखाची आहे. पण न्याय करावयाचा तर एकाच मापानें करावा. अर्न्स्टनें दोन वर्षांचा मुलगा कोलोनमध्यें सोडला, एलुआर मुलीस सोडून जगप्रवासास गेला. एकाच्या चरित्रांत तें कलावंताचें स्वातंत्र्य ठरतें, दुसऱ्याच्या चरित्रांत कविहृदयाची व्याकुळता. पैशाच्या लोभाविषयीं म्हणावें, तर ब्रेतोंनें अक्षरांची उलटापालट करून 'आविदा डॉलर्स' असें डॉलरच्या हांवेचें जें कुत्सित नांव पाडलें, तीं अक्षरें दालीच्या नांवाचीं होतीं, गालाच्या नव्हतीं. पुढें कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या, तो हातही दालीचाच. चांगल्या चित्राचें श्रेय प्रतिभेला आणि वाईट व्यवहाराचें खापर बायकोच्या डोक्यावर, ही वांटणी आपल्या ओळखीची आहे. तिला फ्रान्स किंवा स्पेनचा प्रवास करावा लागत नाहीं.

इतिहासाची एक बाजू दुरुस्त होण्यास अलीकडे आरंभ झाला आहे. एलुआरनें गालास लिहिलेलीं पत्रें १९८४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. तिचीं उत्तरें मात्र बहुतेक उरलींच नाहींत, म्हणून तो संवाद आपल्याला एकाच कानानें ऐकावा लागतो. दालीनें तिला दिलेल्या पूबोलच्या वाड्यांत, जेथें त्याला स्वतःलाही लेखी निमंत्रणावांचून जातां येत नसे, तेथें तिचें आत्मपर लेखन सांपडलें, आणि तें २०११ सालीं छापलें गेलें. २०१८ सालीं बार्सिलोनाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयानें तिच्याच नांवानें प्रदर्शन भरवून तिच्या कामाची मांडणी केली. १९८२ सालीं वारलेल्या बाईच्या हातचें काय होतें, हें पाहावयास जगास छत्तीस वर्षें लागलीं. तरीसुद्धां कलेवरील सुबक पुस्तकांत तिच्या चित्राखालीं 'स्फूर्तिदेवता' हाच शब्द अजून छापला जातो.

हा वाद परक्या देशाचा म्हणून मराठी वाचकानें बाजूस सारूं नये. आपल्या कपाटांतील पुस्तकें काढून त्यांच्या प्रस्तावनांचें शेवटचें पान वाचावें. 'पत्नीच्या सततच्या प्रेरणेवांचून हा ग्रंथ सिद्ध झाला नसता' असें वाक्य कित्येक ठिकाणीं सांपडेल. त्या प्रेरणेचा उलगडा केल्यास बहुधा असें निघेल, कीं मुद्रणप्रत तिनें स्वच्छ अक्षरांत लिहिली, मुद्रितें तिनें तपासलीं, सूची तिनें केली, आणि प्रकाशकाच्या पत्रांस उत्तरेंही तिनेंच धाडलीं. एवढें सगळें एका संस्कृत शब्दांत गुंडाळणें हें कृतज्ञतेचें लक्षण असेल, परंतु तें प्रामाणिकपणाचें खास नव्हे. लेखकांस आमचें सांगणें एवढेंच, कीं ऋणनिर्देशाच्या पानावर विशेषणें कमी करावींत आणि क्रियापदें वाढवावींत. तिनें काय केलें तें लिहावें. आणि जेथें काम संपादकाचें असेल, तेथें मुखपृष्ठावर संपादक म्हणून तिचें नांव घालावें.